आकाशपाळण्याची खंडेनवमी

रंगराव वानखड्यांनी बायकोला आकाशपाळण्यात बसवायचं कबूल केलं, ही बातमी त्यांच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत संध्याकाळच्या दुधाबरोबर घरोघरी पोचली. बायकोला पाळण्यात बसवणं ही एरवी काही बातमी नव्हे. रंगराव कबूल झाले, ही होती.

रंगराव हडपसरच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. कारखान्यानं व्हीआरएस देऊन त्यांना मोकळं केलं, पण सेफ्टीनं केलं नाही. गणपतीच्या मांडवात दर्शन घेण्याआधी मांडवाचा खांब हलवून बघणारे आणि लग्नाच्या पंगतीत बसताना बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठून, हे आचाऱ्याला विचारणारे गृहस्थ सोसायटीत तेच एक. पुढं त्या कारखान्याच्या जागी काचेची इमारत उभी राहिली आणि त्यांचा मुलगा अभय त्याच इमारतीत कॉम्प्युटरवर नोकरीला लागला. मुलाच्या खुर्चीला चाकं आहेत आणि चाकांना ब्रेक नाहीत, हे रंगरावांनी पहिल्या भेटीतच रिसेप्शनवरच्या मुलीला बजावून ठेवलं होतं. ती मुलगी हसली होती. अपघात असेच हसत हसत होतात, असं रंगराव घरी येऊन म्हणाले.

प्रेमलाबाईंचं मागणं लग्नाच्या वर्षीचं होतं. अमरावतीकडच्या जत्रेत नव्या नवरीनं नवऱ्याकडं हौसेनं काही मागितलं, ते एवढंच, की पाळण्यात बसू. रंगराव ‘आधी बघून येतो’ म्हणून पाळण्याखाली शिरले. नटबोल्ट बघता बघता पाळणेवाल्याशी त्यांची जुंपली, आणि ती मिटेपर्यंत जत्राच उठली. पुढं पुण्यात आल्यावर जितके आनंदमेळे लागले तितक्या वेळा हेच झालं. मग प्रेमलाबाईंनी मागणंच सोडलं. आता गुडघे गेले, दिवाळीनंतर ऑपरेशन करू असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्या जेवताना सहज बोलून गेल्या, “एकदा पाळण्यात बसायचं राहिलंच.” तक्रारीचा सूर नव्हता. गेलेल्या माणसाची आठवण काढावी तसं त्या बोलल्या, आणि तेच रंगरावांना लागलं. तोंडातला घास गिळायच्या आत ते सुनेसमोर म्हणून बसले, “बसवतो.” सुनेसमोर दिलेला शब्द मागं घ्यायची सोय आपल्याकडं नाही.

संधीही लगेच चालून आली. अभयच्या कंपनीचा ‘फॅमिली डे’ नगर रस्त्यावर वाघोलीच्या पुढं ‘गगनविहार’ नावाच्या नव्या पार्कात ठरला होता. दिवस शनिवारचा. कंपनीच्या कॅलेंडरात तो नुसता शनिवार होता, रंगरावांच्या कॅलेंडरात ती खंडेनवमी होती.

सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरच्या चंपाबाई म्हणाल्या, वर गेल्यावर डोळे मिटून घ्यायचे. प्रेमलाबाई म्हणाल्या, “मग वर कशाला जायचं?” समोरचे बापूराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. टेलिफोन सोडून सगळ्या विषयांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी रंगरावांची पिशवी तपासली. पान्हा, बॅटरी, ओळंबा आणि सुती दोर बघून ते म्हणाले, “पाळण्यात बसायला चाललाय की उतरवून घरी आणायला?”

“खबरदारी असावी.”

“मग एक नारळही घ्या. आधी फोडलेला बरा. नंतर फोडण्यात अर्थ राहत नाही.”

ह्या शहरात असला टोमणाही लोक सल्ला म्हणून पाळतात. रंगरावांनी नारळ घेतला.

कंपनीची बस वेळेवर पोचली. बसमधून उतरताच निकिता नावाची कंपनीची एक उत्साही मुलगी सगळ्यांना पिवळे टी-शर्ट वाटू लागली. तिच्या हातात दिवसाचं वेळापत्रक होतं आणि गळ्यात शिट्टी. शर्टावर टी-शर्ट चढवल्यावर रंगरावांच्या छातीवर इंग्रजीतून ‘चला, उडू या’ असा मजकूर आला. सुरक्षिततेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या छातीवर! त्यांनी हाताची घडी घालून तो झाकायचा प्रयत्न केला, पण मजकूर रुंद होता.

फाटकावर पिशवी उघडली गेली. पान्हा, ओळंबा, दोर ह्यांतल्या एकाही वस्तूला रखवालदारानं हरकत घेतली नाही. त्यानं नारळ उचलला.

“बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येणार नाहीत.”

“हा खाद्यपदार्थ नाही. पूजेचा नारळ आहे.”

“फोडणार का?”

“फोडणार.”

“फोडल्यावर खाणार?”

“प्रसाद म्हणून.”

“म्हणजे खाणार,” रखवालदार म्हणाला आणि त्यानं नारळ टेबलाखाली ठेवून रंगरावांच्या हातात एक पत्र्याचा बिल्ला दिला. “जाताना घेऊन जा.” मागं रांग खोळंबली होती आणि रांगेत सगळी अभयची ऑफिसमधली माणसं होती. अभय आकाशाकडं बघत होता. रंगरावांनी बिल्ला खिशात टाकला आणि अपमानही.

आकाशपाळणा पार्काच्या मध्यावर होता. उंच, निळा, लोखंडी. प्रेमलाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मान वर करून बघत राहिल्या. पाळणा चालवणाऱ्याचं नाव पोपट. तो जवळच्याच गावचा. रंगरावांनी आपली ओळख करून दिली आणि पाळण्याभोवती पाहणी सुरू केली. पाया बघितला, ओळंबा सोडून खांब बघितला, डब्यांच्या दारांच्या कड्या ओढून बघितल्या. खरं सांगायचं तर त्यांना नाव ठेवायला जागा सापडेना. पाळणा चांगला होता. तज्ज्ञाची ह्यापेक्षा मोठी पंचाईत नसते.

तेवढ्यात त्यांची नजर चालू-बंद करायच्या पॅनेलवर गेली.

“पोपट, आज खंडेनवमी ना?”

“हाय की.”

“मग यंत्राला हळद-कुंकू कुठं आहे?”

पोपटचा चेहरा पडला. “मॅनेजर म्हणले, रातच्याला करू. आज कंपनीचं बुकिंग हाय. मी म्हनलं त्यांला, बरं न्हाई दिसत. पर आमचं कोन ऐकतंय?”

रंगरावांचा चेहरा मात्र उजळला. हे कारण चोख होतं. “खंडेनवमीला पूजा न करता यंत्रावर माणसं बसवता?” त्यांचा आवाज कारखान्यातल्या उंचीला गेला. नोकरीत होते तोवर दर खंडेनवमीला ते मशीन शॉपमध्ये पूजा करत. पूजा झाली की यंत्राला दुसऱ्या दिवशीपर्यंत हात नाही, हा तिथला दंडक. एकदा एका साहेबानं ऑर्डर घाईची आहे म्हणून पूजेनंतर प्रेस चालू करायला सांगितलं, तेव्हा रंगराव प्रेसची चावी खिशात घालून घरी निघून गेले होते. हा प्रसंग त्यांनी पोपटला सांगितला. आजूबाजूच्या पाळण्यांवर काम करणारी माणसं जमली, त्यांनाही सांगितला. ती माणसं हात जोडून ऐकत होती. रिटायर झाल्यापासून इतकी माणसं रंगरावांचं ऐकायला एकत्र आली नव्हती.

“इथंच थांब,” त्यांनी प्रेमलाबाईंना सांगितलं आणि ते मॅनेजरच्या ऑफिसकडं निघाले. प्रेमलाबाई म्हणाल्या, “म्हणजे आजही नाहीच.” पण हे त्यांच्या पाठीला म्हटलं गेलं.

मॅनेजर दत्तप्रसाद टाय लावलेला तरुण होता. त्यानं हात जोडून सांगितलं, की काका, रात्री आम्ही अगदी साग्रसंगीत करणार आहोत. रंगराव म्हणाले, माणसं दिवसा बसणार आणि पूजा रात्री, म्हणजे हेल्मेट घरी गेल्यावर घालण्यातला प्रकार. दत्तप्रसादनं विम्याची कागदपत्रं काढली. रंगराव म्हणाले, ती यंत्राला वाहता येत नाहीत. शेवटी बाहेर पार्कातली सगळी माणसं कामं सोडून उभी आहेत, हे खिडकीतून दिसल्यावर दत्तप्रसादनं टाय सैल केला. रिसेप्शनवरच्या गणपतीपुढचं ताम्हन, हळद-कुंकू आणि विड्याचं साहित्य उचलण्यात आलं. नारळ सोडवायला मॅनेजरला जातीनं फाटकावर जावं लागलं. बिल्ल्याशिवाय रखवालदारानं तो मॅनेजरलाही दिला नाही.

इकडं निकिताचं वेळापत्रक कोलमडायला लागलं होतं. “जेवणाआधी सगळ्यांच्या राईड्स व्हायला हव्यात, दादा, सुरू करा ना प्लीज,” असं ती पोपटच्या मागं लागली. काका काही मॅनेजरला वाकवत नाहीत, असं पोपटनंही मनाशी ठरवलं होतं. त्यानं डब्याचं दार उघडलं. रांगेत सगळ्यात पुढं प्रेमलाबाई होत्या.

“काकू, बसताय का?”

प्रेमलाबाईंनी ऑफिसच्या दिशेनं एकदा पाहिलं. मग साडीचा पदर खोचला, गुडघ्यावर हात दिला आणि त्या बसल्या.

पाळण्यात माणसं भरायची एक रीत असते. एक डबा भरला की चाक अर्धं फिरवायचं आणि त्याच्या बरोबर समोरचा डबा भरायचा, म्हणजे वजनाचा तोल राहतो. त्या रीतीनं प्रेमलाबाईंचा डबा थेट शेंड्याला जाऊन थांबला आणि दुसरा डबा खाली आला. नेमकी त्याच वेळी ताम्हन घेऊन वरात आली. पुढं रंगराव, मागं टाय सैल झालेला मॅनेजर, मागं नारळ. पोपट हरखून गेला. त्यानं यंत्र बंद केलं, रंगरावांनी मागताच पॅनेलची चावी त्यांच्या हातात ठेवली आणि तो झेंडूचा हार आणायला धावला. निकिताला पूजा वेळापत्रकात कुठं बसवायची हा प्रश्न पडला होता, त्यामुळं तीही काही बोलली नाही.

रंगरावांनी चावी खिशात टाकली. पॅनेल पुसलं. “प्रेमला कुठं आहे? पूजा जोडीनं व्हायला हवी.”

“आई आत्ता तर इथंच होत्या,” वरातीबरोबर ऑफिसकडून आलेली सून नम्रता म्हणाली. “स्वच्छतागृहाकडं गेल्या असतील.”

मुहूर्ताचा खोळंबा नको म्हणून रंगरावांनी शास्त्रात सांगितलेली तोड काढली. बायको हजर नसेल तर तिच्या जागी सुपारी ठेवतात. त्यांनी आपल्या डाव्या बाजूला विड्याच्या पानावर सुपारी ठेवली, तिला हळद-कुंकू वाहिलं आणि आयुष्यात प्रेमलाबाईंशी क्वचितच बोलले असतील इतक्या आदरानं तिला नमस्कार केला. पॅनेलला कुंकवाची बोटं ओढली. हार चढला. सगळ्यांनी आरती म्हटली, सॉफ्टवेअरवाल्यांनी टाळ्यांवर. रंगरावांनी नारळ पायाच्या दगडावर एका घावात फोडला.

“अहो!” वरून आवाज आला.

आवाज ओळखीचा होता. रंगरावांनी आधी सुपारीकडं पाहिलं. मग वर.

निळ्या डब्याच्या कठड्यावरून प्रेमलाबाई खाली बघत होत्या. सबंध आयुष्य ज्या माणसानं दुसऱ्यांना ‘वर बघून काम करा’ म्हणून सांगितलं, त्यानं वर बघितलं नव्हतं.

“हे कुणी केलं?” रंगरावांचा आवाज चिरकला. “वर माणूस असताना बोलला का नाहीस?”

“मला वाटलं, काकांनी बघितलं असंल,” पोपट म्हणाला. “सेफ्टीचे हायत ते.”

“बरं, बरं. चालू कर. आधी खाली आण तिला.”

पोपट जागचा हलला नाही. “आता कसं? पूजलेल्या यंत्राला उद्यापातुर हात न्हाई. तुम्हीच सांगितलं. आन् चावी तुमच्याच खिशात हाय.”

दत्तप्रसादनं सुचवलं, वीज न लावता चाक हातानं ओढू. “हातानं ओढलं तरी यंत्र हललंच की,” पोपट म्हणाला, आणि मागं उभ्या असलेल्या पाळणेवाल्यांनी माना डोलावल्या. ही माणसं मघाशी रंगरावांनीच तयार केली होती. निकिता म्हणाली, आपण फायर ब्रिगेड बोलवू या. अभय म्हणाला, “बाबा, प्लीज, चावी द्या.” रंगरावांचा हात खिशात होता आणि खिशातच राहिला. चावी दिली तर मघाचं सगळं भाषण फुकट, शिवाय त्या प्रेसवाल्या साहेबापुढंही मान खाली. नाही दिली तर बायको शेंड्यावर. त्यांना घाम फुटला. पिवळ्या टी-शर्टावर तो लगेच दिसला.

“घाबरू नकोस!” ते वर ओरडले. “कठडा धरून ठेव! खाली बघू नको!”

“खाली कोण पाहून राहिलं?” वरून उत्तर आलं. “अवो, इमान पाहा ना! केवढं जवळून चाललं!” लोहगावच्या धावपट्टीवर उतरणारं विमान खरंच डोक्यावरून चाललं होतं. प्रेमलाबाईंनी इतकी वर्षं पुण्यात राहून कमावलेली भाषा वर गेल्यावर सुटली होती. “तिकडं शेतं संपतात, तिथून नव्या इमारती दिसून राहिल्या. सगळ्या क्रेना. किती पसरलं हो हे गाव! आपल्याले कोणी सांगितलंच नाही!”

रंगरावांनी अभयच्या मोबाइलवरून बापूरावांना फोन लावला. विवंचनेत माणूस कुणाला विचारतो, ह्यावरून त्याची पारख होते असं म्हणतात. पण बापूरावांखेरीज त्यांना कुणी आठवेना.

“बोला,” बापूराव म्हणाले. “पडलात का?”

रंगरावांनी हलक्या आवाजात सगळं सांगितलं. बापूराव हसले नाहीत. त्यांनी थेट उलटतपासणी सुरू केली.

“सुपारी का ठेवलीत?”

“बायको हजर नव्हती म्हणून.”

“कुठं होती?”

“वर. डोक्यावर.”

“म्हणजे हजर होती. हयात आणि हजर बायको असताना सुपारी ठेवून केलेली पूजा लागूच होत नाही. तुमची पूजा झालेली नाही, वानखडे. नुसता नारळ फुटला. यंत्र खुशाल चालवा.”

“पण हे मी इथं सगळ्यांसमोर सांगू?”

“नका सांगू. दसऱ्याचं सोनं द्यायला वहिनींकडं शिडीनं जा,” बापूराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

रंगराव पॅनेलपाशी आले. कारखान्यात कुठं अपघात झाला की चूक कुणाची, हे सांगायचं काम त्यांचं असे. ते काम त्यांनी नेहमी खड्या आवाजात केलं होतं. आज आवाज नीट लागेना.

“ही पूजा धरायची नाही,” ते म्हणाले. “चूक माझी. मी वर बघितलं नाही. बायको समोर असताना तिच्या जागी सुपारी ठेवली.” त्यांनी चावी काढून पोपटच्या हातात दिली. “हार काढ. रात्री नीट पूजा करा, आणि तेव्हा चाक रिकामं आहे ना, बघा.”

कुणी हसलं नाही. तेवढा मोठेपणा त्या पिवळ्या गर्दीनं दाखवला. पोपटनं हार काढून कपाळाला लावला, मनातल्या मनात काही म्हणून घेतलं आणि चाक हळूहळू फिरवत प्रेमलाबाईंचा डबा खाली आणला.

दार उघडलं. प्रेमलाबाईंचे केस वाऱ्यानं विस्कटले होते. गाल लाल झाले होते. सुनेनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. रंगरावांनीही फार पूर्वी पाहिलं असेल. त्या उतरायला उठल्या नाहीत. उतरणार नाहीत, हे रंगरावांना त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

रंगरावांनी वर एकदा पाहिलं, पिशवी अभयच्या हातात दिली आणि डब्याच्या पायरीवर पाय ठेवला. उंचीची त्यांना धास्ती होती, हे त्यांनी कारखान्यात कधी कळू दिलं नव्हतं, घरीही नाही. “सरक जरा,” ते म्हणाले. “मीही येतो.”

प्रेमलाबाईंनी त्यांच्याकडं प्रेमानं पाहिलं. त्यात शंका घ्यायला जागा नव्हती.

“नका येऊ,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बसलात की मला नटबोल्टच दिसतील.”

आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.

रंगरावांनी पाय पायरीवरून खाली घेतला. सवयीनं त्यांचा हात कडी ओढून बघायला पुढं झाला होता, तो त्यांनी मागं घेतला. पोपटनं मागचे-पुढचे डबे भरले, चाक सुरू झालं, निळा डबा वर गेला. शेंड्यावरून खाली येताना प्रत्येक डब्यातलं माणूस खालच्या कुणाला तरी हात करत होतं. रंगरावांनी आपला हात वर धरून ठेवला होता. प्रेमलाबाई दरवेळी विमानतळाच्या बाजूला तोंड करून होत्या.

“काका,” बटणावर बोट ठेवून पोपटनं विचारलं, “किती फेऱ्या देऊ?”

रंगरावांचा हात अजून वरच होता.

“ती म्हणेल तेव्हा थांबव,” ते म्हणाले.